तुझा ॲश, माझा ओक

सुजाता, तुझं ॲशचं झाड परवा उतरवलं. आदल्या दिवशी मृणालचा फोन आला, "शुभामावशी, उद्या सकाळी तुम्ही घरीच आहात ना?" तिला सोबत हवी होती हे मला कळलं. तुझी मुलगी तुझ्यावरच गेली आहे, सरळ 'या' म्हणणार नाही. मी आठ वाजताच आपल्या बागांमधल्या कुंपणाच्या फाटकातून तुझ्या किचनमध्ये जाऊन बसले आणि तुझ्या गॅसवर चहा केला. इतकी वर्षं तुझ्या हातचा चहा प्यायले, पण तू आलं किती घालायचीस ते कधी पाहिलं नव्हतं. चहा तिखटजाळ झाला. मृणालनं तो न बोलता प्यायला.

झाडावर कुणी चढणार नाही असं झाड कापणाऱ्या माणसानं आधीच सांगितलं होतं. कीथ त्याचं नाव. रोग लागलेल्या ॲशचं लाकूड आतून ठिसूळ होतं, दोर बांधायला गेलं की फांदीच हातात येते म्हणे. त्यामुळे पाळणा असलेलं यंत्र आणलं होतं आणि वरून खाली एकेक फांदी कापत आले. जेवायच्या वेळेपर्यंत सगळं संपलं. तुझ्या बागेवर एवढं आभाळ आहे हे मला माहीतच नव्हतं. मृणाल म्हणाली, घर उजेडाचं झालं, आणि रडायला लागली.

तुला जाऊन सात आठवडे झाले. तुझ्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये तुझ्याबरोबर काम केलेल्या मैत्रिणी बोलल्या, विहारातली मंडळी बोलली, तू किती जणांना इंग्लंडातल्या पहिल्या वर्षी आधार दिलास हे सांगितलं. मला दोन शब्द बोला म्हणाले तर मी नाही म्हटलं. आपल्या दोघींत जे होतं त्यातलं निम्मं भांडण होतं, आणि ते भरल्या हॉलमध्ये कसं सांगणार? म्हणून इथे लिहिते आहे.

आपण झाडं आणायला गेलो तो शनिवार तुला आठवत असेल. कॉव्हेंट्रीच्या या टोकाला घरं नवी होती, बागा म्हणजे चिकणमाती आणि बिल्डरनं टाकलेले विटांचे तुकडे. दोघींच्या बागा लांबलचक, म्हणून अगदी टोकाला एकेक सावलीचं झाड लावायचं आपलं ठरलं. तेव्हा ॲशची रोपं नर्सरीत कुठेही मिळायची; आता शोधूनही मिळत नाहीत, कुणी विकतही नाही. मी आधीच ओक ठरवला होता. आपण इथे राहायला आलोय, तर झाडही दोनतीनशे वर्षं टिकणारं हवं, असं माझं म्हणणं. तू ॲशच्या रोपापाशी उभी राहून म्हणालीस की इथे ऊन आधीच मोजकं येतं, त्यावर ओकची जाड सावली कशाला घालायची? ॲशची पानं बारीक, त्यांतून ऊन चाळून खाली येतं, खालचं गवतही जगतं. शिवाय तो भराभर वाढतो. "मला माझ्या हयातीत सावली पाहिजे बाई," तू म्हणालीस, "तुझ्या ओकच्या सावलीत तुझे पणतू बसतील."

परतताना तुझ्या गाडीच्या मागच्या खिडकीतून दोन्ही रोपांचे शेंडे बाहेर आले होते आणि आपण सिग्नलसिग्नलला भांडत होतो.

झाड लावायचं कसं, हे तू नर्सरीवाल्याला प्रश्न विचारून विचारून शिकलीस. मी दिवसभर फार्मसीच्या काउंटरवर लोकांना सल्ले देणारी, घरी आल्यावर मला कुणाचा सल्ला नको असायचा. मी ओकसाठी खोल खड्डा खणला, वाऱ्यानं हलू नये म्हणून. तू फाटकातून आलीस आणि रोप पुन्हा बाहेर काढलंस. खड्डा रुंद हवा, खोल नको; रोप कुंडीत जेवढं मातीत होतं तेवढंच जमिनीत जायला पाहिजे. मग तू बोट ठेवून दाखवलंस. खोड खाली जाता जाता जिथे पसरायला लागतं आणि मुळं सुरू होतात, ती झाडाची मान. ती उघडी राहिली पाहिजे. खत खड्ड्यात घालायचं नाही, भुसा वर पसरायचा पण खोडापासून वीतभर लांब. आधाराची काठी बुटकी, दोन हिवाळे झाले की काढून टाकायची, नाहीतर झाड स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, रोज थोडंथोडं नाही. मी ऐकलं, पण कपाळाला आठ्या घालून ऐकलं.

तुझा ॲश पाच वर्षांत शेडच्या वर गेला. माझा ओक कमरेएवढ्याचा छातीएवढा झाला होता. मला हेवा वाटायचा, तो मी लपवायचीही नाही. मेमध्ये मात्र टोमणे मारायची पाळी माझी असायची, कारण माझ्या ओकला पानं फुटून पंधरा दिवस झाले तरी तुझा ॲश काळ्या कळ्या घट्ट मिटून बसलेला. "आळशी आहे तुझं झाड," मी कुंपणावरून सांगायची. ऑक्टोबरमध्ये पहिल्या थंडीला त्याची सगळी पानं दोन दिवसांत खाली यायची आणि माझी जानेवारीपर्यंत तुझ्या बागेत उडत राहायची, चामड्यासारखी, कुजायचं नाव नाही. तू ती जाळीच्या पोत्यांत भरून कोपऱ्यात ठेवायचीस आणि दोन वर्षांनी काळंभोर खत करून माझ्याच कुंड्यांसाठी मला द्यायचीस. मी तुझ्या झाडाबद्दल फक्त तक्रारी केल्या. माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यात ॲशची रोपटी उगवतात म्हणून दर वसंतात तुला ऐकवलं. ती उपटायलाही तूच यायचीस.

आता त्या पाराकडे येते. यायलाच हवं.

सात वर्षांपूर्वी मी रिटायर झाले आणि डोक्यात घेतलं की ओकला पार बांधायचा. पुण्यात आमच्या शाळेच्या आवारात वडाला पार होता. मधल्या सुट्टीत आम्ही मुली त्यावर डबे उघडून बसायचो. इंग्लंडातल्या ओकला मराठी पार ही कल्पना मला इतकी आवडली की मी कुणालाही विचारलं नाही. बिल्डरकडून गोल विटांची भिंत बांधून घेतली, बसायच्या उंचीची. आत माती भरली आणि वर फरश्या बसवल्या. खोडाभोवती हातभर रुंदीचं मातीचं कडं तेवढं राहिलं. झाल्यावर सगळ्यांना चहाला बोलावलं. सगळे बसले, फोटो काढले. तू पाराभोवती एक चक्कर मारलीस आणि उभीच राहिलीस. सगळे गेल्यावर म्हणालीस, "शुभे, मान पुरून राहिली तू त्याची. श्वास कुठून घेईल ते?"

मी म्हटलं, आपल्याकडे सगळ्या वडा-पिंपळांना पार असतात, त्यांना काही होत नाही. तू म्हणालीस की वड पारंब्या सोडतो, पिंपळ भिंतीतही उगवतो, ओकचं तसं नसतं. ओकच्या सालीला ओली माती लागून राहिली की ती आतून सडते आणि मुळं गुदमरतात. मी विषय बदलला.

आठवड्यानं तू तुझ्या टेबलाशी गवार मोडत बसली होतीस आणि मधेच, मान वर न करता, एक गोष्ट सांगितलीस. तुझ्या आईच्या लहानपणी गावातल्या पारावर तुमच्या माणसांना बसता येत नसे. आईला तिच्या आईबरोबर पाराला लांबून वळसा घालून, चपला हातात घेऊन जावं लागायचं. एवढंच. तू गवार मोडत राहिलीस. माझ्या तोंडून निघालं, "अगं, पण हा आपला पार आहे." काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तू मान हलवलीस.

आणि पुढल्या वेळी तू पुन्हा ओकचा विषय काढलास तेव्हा मी जे बोलले ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. मी म्हणाले, "तुझं भांडण माझ्या झाडाशी नाहीच, पाराशी आहे. जुना राग माझ्या ओकवर काढू नकोस."

तू कप खाली ठेवलास. "पारावर माझा राग आहे, खरंय," तू म्हणालीस, "पण मी झाडाबद्दल बोलून राहिली."

तीन आठवडे फाटक वाजलं नाही. मग एका रविवारी तू अंबाडीच्या भाजीचा डबा घेऊन आलीस, जसं काही झालंच नव्हतं. त्यानंतर तू पाराबद्दल एक शब्द काढला नाहीस आणि मी त्याला माझा विजय समजले. किती मूर्ख असावं माणसानं!

तुझ्या ॲशला रोग लागला तो त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात. आधी शेंड्याची पानं काळपटून लोंबायला लागली, मग फांद्यांच्या बेचक्यांत चौकोनी चट्टे दिसले. सगळ्या देशातले ॲश त्याच बुरशीनं चालले होते, तुझा कसा वाचणार? आणि मी काय म्हणाले? "ओक लाव म्हणून सांगितलं होतं." तू हसलीस. तुझ्या त्या हसण्याबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते. तू झाड सोडलं नाहीस. ही बुरशी खाली पडलेल्या पानांच्या देठांत हिवाळा काढते हे कळल्यावर तू दर शरदात एकेक देठ वेचून काढायचीस, चहाच्या ट्रेमध्ये गोळा करायचीस. दर वर्षी झाड तपासायला माणूस बोलवायचीस. काही झाडं तग धरतात म्हणे, तू म्हणायचीस, धोका होईपर्यंत उभं राहू दे त्याला.

माझा ओकही विरळ व्हायला लागला होता. पानं छोटी, शेंड्याला वाळक्या काड्या. मी म्हणायची उन्हाळा कोरडा गेला, मी म्हणायची भुरी पडली आहे. तू वर पाहायचीस आणि गप्प बसायचीस. ते गप्प बसणं मला टोचायचं. तुझं बरोबर असेल अशी शंका मला तेव्हाच आली होती, सुजाता. पण 'तुझं बरोबर होतं' म्हणायचं तर त्या दिवशी मी जे बोलले तेही परत काढावं लागलं असतं. ते मला जमत नव्हतं.

मग तू आजारी पडलीस. गेल्या उन्हाळ्यात केमोमधून घरी आलीस की तुला बाहेर बसावंसं वाटायचं आणि तुझ्या ॲशखाली बसायची सोय राहिली नव्हती, फांदी कधी पडेल याचा नेम नव्हता. बागेतल्या खुर्च्या खोलगट, त्यांतून तुला उठता येईना. पार मात्र बरोबर तुझ्या उंचीचा निघाला. एका सकाळी तू उशी घेऊन फाटकातून आलीस, फरशीवर उशी टाकलीस आणि बसलीस. ज्या पारावर तू तोवर एकदाही टेकली नव्हतीस त्यावर. मी खिडकीतून पाहत होते आणि सिंक भरून वाहिलं तरी मला कळलं नाही.

पूर्ण उन्हाळा तू येत राहिलीस. खोडाला पाठ टेकून, तुझ्या कुंपणाकडे तोंड करून बसायचीस. मी मुगाची खिचडी, ताक, कधी नुसता भात घेऊन यायची. तू दोन घास खायचीस. मी रोज ठरवायची की आज सांगू, आणि रोज दुसरंच काहीतरी बोलायची, मृणालच्या प्रमोशनबद्दल, शेजारच्यांच्या नव्या कुत्र्याबद्दल. तू मधेच म्हणायचीस, "जा तू आत, मला जरा एकटीला बसू दे." मी जायची. मला वाटायचं तुला दुखतंय आणि ते मला दिसू द्यायचं नाहीये. ते काही आठवडे मला मिळाले याबद्दल मी कृतज्ञ आहे. तू त्या पारावर बसलीस म्हणजे तू मला माफ केलंस, असा अर्थ मी काढला होता.

परवा तुझा ॲश उतरवून झाल्यावर कीथनं कुंपणावरून माझ्या ओककडे पाहिलं. परवानगी विचारून आत आला, पाराभोवती फिरला. तुझ्यासारखाच फिरला, एकच चक्कर. मग म्हणाला की हे सगळं काढायला हवं, विटा, फरश्या, माती, मानेपर्यंत. तेही यंत्रानं नाही, हातानं. नाहीतर झाड चारपाच वर्षांत जाईल, आणि काढलं तरी वाचेलच अशी खात्री नाही.

मी नाही म्हटलं. माझी मैत्रीण इथे बसायची, मी त्याला सांगितलं, हे मोडायचं नाही. त्यानं खांदे उडवले. मृणाल हळूच म्हणाली, "मावशी, आईला काय वाटलं असतं?" मला राग आला. गेलेल्या माणसाला काय वाटलं असतं हे सगळ्यांना फार लवकर कळायला लागतं. मी तिला तसं बोललेसुद्धा.

काल सकाळी तुझ्या किचनमध्ये राहिलेले माझे डबे आणायला गेले. तुझ्या सिंकसमोरच्या खिडकीशी उभी राहिले आणि ॲश नसल्यामुळे समोर थेट माझा ओक दिसला. माझ्या घरातून त्याची घराकडची बाजू दिसते, ती जरा तरी भरलेली आहे. तुझ्या बाजूनं तो निम्मा उघडा पडला होता. वाळक्या फांद्या आभाळात, खाली तो गोल, नेटका, विटांचा पार. म्हणजे इतकी वर्षं भांडी घासताना ॲशच्या विरळ फांद्यांमधून तुला हे दिसत होतं. मी तिथूनच कीथला फोन केला.

आज सकाळी तो आला. फरश्या त्यानं उचलल्या, माती मी काढायला लागले, लहान खुरपीनं, गुडघ्यांखाली जुनी सतरंजी घेऊन. आमचे हे म्हणाले, या वयात कशाला? मी खुरपी चालवत राहिले. तीन बाजूंनी खोडाची साल काळी पडली होती, ओली, बोट लावलं की सुटून येणारी. मातीत वरवर बारीक मुळांचं जाळं झालं होतं. कीथ म्हणाला, ही झाडानं श्वासासाठी केलेली धडपड. मला ऐकवेना.

मग मी तुझ्या कुंपणाकडच्या बाजूला आले आणि खुरपी एकदम आत गेली. तिथे माती नव्हती. वरपासून खालपर्यंत कोरडी पानं दाबून भरली होती. ती काढली तर खोडालगत हात जाईल एवढी पोकळी, कोपरापर्यंत खोल. तळाशी ओकची मान, उघडी, कोरडी, आणि सडलेल्या सालीच्या काठाला नवी साल धरायला लागलेली. कीथ वाकून पाहत राहिला. या बाजूला कुणीतरी आधीच सुरुवात केली आहे, तो म्हणाला, आणि हातानं, फार जपून. झाड वाचलं तर याच बाजूवर वाचेल. तुम्ही केलंत का?

पानांच्या तळाशी माझं स्टीलचं उलथनं होतं. ते हरवलं म्हणून मी ऑगस्टभर आमच्या ह्यांना बोल लावला होता.

मी तिथेच मातीत बसले. तुला कप धरायला दोन हात लागत होते तेव्हा. रोज किती निघत असेल, दोन उलथनी, चार? पाठ खोडाला लावून, हात मागे नेऊन. मी आत गेले की सुरू, मी ताट घेऊन आले की बंद. तुझी नखं काळी दिसायला लागली होती. केमोनं नखं काळवंडतात, मी फार्मसिस्ट, मला ते लगेच ओळखू आलं, आणि मी तुला त्यासाठी मलम आणून दिलं. तू ते माझ्यासमोर लावून घेतलंस, एकेका बोटाला, आणि थँक यू म्हणालीस.

मी नाही, मी कीथला सांगितलं, माझ्या मैत्रिणीनं केलंय. तिला हा पार आवडायचा नाही का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, पारावर तिचा राग होता, खरंय. पुढचं मला बोलता आलं नाही, ते तुला सांगते. तू झाडाबद्दलच बोलत होतीस. मी चुकले, सुजाता.